कार्पे डिएम: दिवस पकडायचा की खुडायचा?

शेवंती_सदाशिव

भाच्यानं मनगटावर टॅटू काढून घेतला, 'कार्पे डिएम'. आईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, हे काय रे गोंदवलंयस, तर म्हणे आजी त्याचा अर्थ आजचा दिवस पकड. आई म्हणाली "पकडायला तो काय उंदीर आहे?" आणि परडी घेऊन गच्चीत निघून गेली, मोगऱ्याच्या कळ्या खुडायला.

आणि गंमत बघा, मूळ लॅटिन शब्दात आहे ते आई करायला गेली तेच! इंग्रजीतल्या 'सीझ द डे'मुळे सगळ्यांना वाटतं की दिवसाची मानगूट धरायची, नोकरी सोडून लडाखला जायचं वगैरे. पण 'कार्पेरे' हे क्रियापद फुलाफळांचं. फूल खुडणं, द्राक्षं तोडणं. गुरं गवत खातात तेव्हाही हेच क्रियापद, आणि बायका सूत कातायला लोकर पिंजून घेतात तेव्हाही. थोडंथोडं, हातानं, देठाशी. इंग्रजीतला 'हार्वेस्ट' याच मुळातून आलाय म्हणतात. आपल्याकडे 'खुडणे' असा नेमका शब्द असताना आपण 'क्षण पकडा' का म्हणतो कळत नाही.

कवी होरेस. जन्म इ.स.पू. ६५, बाप पूर्वी गुलाम होता, मग सुटका झालेला. ही कविता त्याच्या 'ओड्स' या कवितासंग्रहाच्या पहिल्या पुस्तकातली अकरावी, इ.स.पू. २३ मधे बाहेर आलेली, फक्त आठ ओळींची. मी माझ्या परीनं साध्या गद्यात सांगते, तज्ञांनी सांभाळून घ्यावं:

विचारू नकोस ल्यूकोनोई, ते जाणणं बरं नव्हे, देवांनी माझा शेवट कधी ठेवलाय नि तुझा कधी. ते बाबिलोनी आकडे मांडत बसू नकोस. जे येईल ते सोसलेलं बरं, मग ज्युपिटरनं आणखी हिवाळे दिलेले असोत की समोरच्या खडकांवर समुद्राला दमवतोय तो हा हिवाळाच शेवटचा असो. शहाणी हो, वाईन गाळ, वेळ थोडा आहे तर लांबलेली आशा छाट. आपण बोलतोय तेवढ्यात मत्सरी काळ पळालेलासुद्धा असेल. आजचा दिवस खुड, उद्यावर होईल तितका कमी भरवसा ठेव.

'बाबिलोनी आकडे' म्हणजे काय माहितीये? पत्रिका!! बाई ज्योतिष बघत बसलीये आणि हा तिला सांगतोय ठेव ते बाजूला. आमच्या घरी याच महिन्यात एका लग्नासाठी तीन ठिकाणी पत्रिका दाखवून झालीये त्यामुळे मला ही कविता फारच जवळची वाटली.

तर धागा यासाठी की ही कल्पना रोमहून इंग्लंडला पोचेपर्यंत तिचं काय काय झालं त्यावर गप्पा मारू. माझं मत आधीच सांगून टाकते, होरेस दिवस खुडायला सांगत होता, इंग्रजांपर्यंत येता येता दिवस राहिला बाजूला आणि पोरगीच खुडायची झाली.

खवट_काका

दोन हजार वर्षं पुरुषांनी पोरी पटवायला वापरलेला एकच डायलॉग, त्यावर एवढा मोठा धागा. आणि आपला चार्वाक काय वेगळं सांगत होता, यावज्जीवेत् सुखं जीवेत्, कर्ज काढा तूप प्या. टॅटूपेक्षा तूप परवडलं.

शेवंती_सदाशिव

काका, चार्वाकाचं ते वचन आपल्याला कळतं ते त्याच्या विरोधकांच्या ग्रंथातून, त्यामुळे तो खरंच तसं म्हणाला का हा वेगळा धागा. पण होरेस ऋण काढून तूप पिणाऱ्यातला नव्हता हो. उलट हा माणूस सगळं हरून आलेला. विशी नुकतीच ओलांडलेली असताना सीझरला मारणाऱ्या ब्रूटसच्या बाजूनं लढला, इ.स.पू. ४२, फिलिपीची लढाई, हरले, आणि नंतर स्वतःच कवितेत लिहून मोकळा झाला की ढाल टाकून पळालो. परत आला तर बापाची जमीन गेलेली. मग सरकारी खजिन्यात कारकुनी. पुढं माइकेनास नावाच्या श्रीमंत आश्रयदात्याच्या कृपेनं सबाइन डोंगरात छोटी शेतीवाडी मिळाली तेव्हा कुठं स्थिरावला. असा माणूस 'उद्यावर भरवसा ठेवू नकोस' म्हणतो तेव्हा ती चैन वाटत नाही मला, पोळलेल्या माणसाचं बोलणं वाटतं. स्वतःला 'एपिक्युरसच्या (सुखवादी ग्रीक तत्त्वज्ञ) कळपातलं डुक्कर' म्हणवून घ्यायचा ते वेगळं :)

द्राक्षबाग_निफाड

मी कविता फार वाचत नाही, हा धागा बायकोनं दाखवला. पण ते 'लांबलेली आशा छाट' वाचून थांबलो. तिथं मूळ शब्द खरंच छाटणीचा आहे का?

शेवंती_सदाशिव

हो हो, 'रेसेकेस'. कापणं, मागं छाटणं. वेलीच्या छाटणीची प्रतिमा आहे असंच बरेच लोक धरतात, कारण आधी वाईन, नंतर खुडणं.

द्राक्षबाग_निफाड

मग या माणसानं बाग बघितलेली होती. आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. नवीन माणसाला कात्री दिली की त्याचा जीव होत नाही, एवढी चांगली जोमदार काडी कशाला कापायची म्हणून लांब ठेवतो. आणि मग नुसता पाला माजतो, घड कुठंय तर नाही. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजून छाटलं तरच माल. म्हणजे आशा छाट म्हणतो तो काही आशा सोड म्हणत नाहीये, माझ्या मते तरी. छाटल्याशिवाय फळच नाही.

आणि खुडण्याचं म्हणाल तर घड असा मुठीत धरून ओढायचा नसतो. मण्यावर पांढरा थर असतो तो बोटांनी पुसला की माल जुना दिसतो, म्हणून देठ धरायचा आणि कात्रीनं कापायचा, पाटीत अलगद. गोडी भरलेली असताना दोन दिवस अजून थांबू म्हणलं आणि रात्री अवकाळी आला की सकाळी मणी तडकलेले. दोन वर्षांपूर्वी हे भोगलंय. त्यामुळं उद्यावर भरवसा नको हे आम्हाला लॅटिनमधून सांगायची गरज नाही.

अर्धा_कप_चहा

निफाडकर, दंडवत घ्या. एमएला दोन वर्षं ही कविता होती, हे कुणी सांगितलं नाही.

मला मात्र त्या 'वाईन गाळ'वर बोलायचंय. रोमन वाईनमधे गाळ असायचा, तो फडक्यातून गाळून घ्यावा लागायचा. म्हणजे सीन असा की बाहेर वादळी हिवाळा, साहेब लोडाला टेकून जीवनाचं तत्त्वज्ञान सांगतायत, आयुष्य क्षणभंगुर आहे, काळ पळतोय, शहाणी हो... आणि जरा चहा टाक. हसून हसून पुरेवाट. ल्यूकोनोई नावाचाही अर्थ कुणी 'स्वच्छ मनाची' करतात तर कुणी 'रिकाम्या डोक्याची'. बिचारीला एक ओळ बोलू दिलेली नाही.

म्हणून मला इंग्रजांपैकी आवडतो तो वॉल्टर रॅली. नाटककार मार्लोच्या एका कवितेतला मेंढपाळ पोरीला म्हणतो ये माझ्याबरोबर राहा, गुलाबाच्या शेजा करीन, लोकरीचा झगा करीन. मार्लो १५९३ मधे मारला गेला, आणि १६००च्या एका संग्रहात त्याची कविता आणि तिच्याखाली रॅलीनं लिहिलेलं त्या पोरीचं उत्तर छापून आलं. ती काय म्हणते, तारुण्य टिकणारं असतं आणि प्रत्येक मेंढपाळ खरं बोलत असता तर आले असते बाबा. पण फुलं कोमेजतात, झगे फाटतात, तेव्हा नाही. म्हणजे बघा, 'सगळं नश्वर आहे म्हणून ये' याला 'सगळं नश्वर आहे म्हणूनच येत नाही'. त्याच पत्त्यानं डाव उलटवला. फक्त तेही लिहिलं पुरुषानंच :(

गालगागा

अर्थाचं चाललंय ते चालू द्या, मी थोडं वृत्ताचं बोलतो. लॅटिन कविता आपल्यासारखीच लघुगुरूवर चालते, इंग्रजीसारखी आघातावर नाही, त्यामुळे मराठी माणसाला ती इंग्रज माणसापेक्षा लवकर कानात बसायला हवी. या कवितेची ओळ १६ अक्षरी (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु):

गागा । गाललगा । गाललगा । गाललगा । लगा

फक्त लक्षात ठेवा की लॅटिनमधे ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, देवनागरीत लिहिले की उगाच गुरू दिसतात. आता खरी मजा. 'कार्पे डिएम' बरोब्बर एक गाललगा आहे. आणि त्याच्या वरच्या ओळीत 'दुम् लोक्विमुर', म्हणजे 'आपण बोलतोय तेवढ्यात', हेही बरोब्बर एक गाललगा! एवढ्याच मापात बोलणं संपतं आणि तेवढ्याच मापात दिवस खुडून होतो. आणि लगेच पुढं 'पळालेला असेल', भविष्यात भूतकाळ, त्यानं पुढचा गाललगा सुरू होतो. योगायोग म्हणणारे म्हणोत, मी नाही म्हणणार.

शेवंती_सदाशिव

वाचनखूण साठवली. हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता कॅटलस. होरेसच्या आधीचा, साधारण तिशीतच गेला. तो प्रेयसी लेस्बियाला म्हणतो चल जगू आणि प्रेम करू, खडूस म्हाताऱ्यांच्या कुजबुजीची किंमत एक दमडी धरू (काका वाचताय ना). सूर्य मावळतो परत येतो, आपला एवढासा उजेड एकदा मावळला की मग एकच रात्र, न संपणारी, झोपून काढायची. हे झालं की लगेच हिशेब, हजार मुके दे, मग शंभर, मग दुसरे हजार, मग शंभर, परत हजार, परत शंभर. मी बेरीज केली, ३३००. आणि मग म्हणतो आता आकडा विसकटून टाकू म्हणजे आपल्यालाही कळणार नाही आणि कुणा मेल्याची दृष्टही लागणार नाही! अक्षरशः दृष्ट. मोजलेल्या गोष्टीला दृष्ट लागते ही समजूत दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत पण होती. आमची आजी म्हणायची पोळ्या मोजू नयेत, ते हेच.

ही कविता इंग्रज नाटककार बेन जॉन्सननं उचलली आणि कुणाच्या तोंडी घातली? व्होल्पोने नावाच्या बेरक्या श्रीमंताच्या. १६०६च्या सुमाराचं नाटक, व्हेनिसमधे घडतं. हा मरायला टेकल्याचं नाटक करून बिछान्यात पडलेला, वारसा मिळेल या लोभानं एक नवरा आपल्या बायकोला स्वतः त्याच्या खोलीत आणून सोडतो, नवऱ्याची पाठ वळताच हा मरणोन्मुख गृहस्थ टुणकन उडी मारून उठतो आणि गायला लागतो, चल सीलिया, वेळ आहे तोवर... जॉन्सनला नीट कळलेलं होतं की हा युक्तिवाद कुठल्या हातात कसा जातो.

खवट_काका

वाचतोय. दमडीचा हिशेब मनात ठेवला आहे.

हंबरकाठी

हलमधून लिहितेय, इंग्लंडातलं हल. इथं येऊन सात वर्षं झाली आणि मार्व्हेलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लॉगिन झाले. सतराव्या शतकातला कवी अँड्र्यू मार्व्हेल आमच्या गावचा, इथून पार्लमेंटात निवडून जायचा, जुन्या शाळेजवळच्या चौकात पुतळा आहे त्याचा. 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' ही कविता तो गेल्यावर १६८१ मधे छापली गेली.

त्यात तो म्हणतो आपल्याकडे भरपूर वेळ असता तर तू गंगेकाठी माणकं वेचली असतीस आणि मी इकडं हंबर खाडीच्या काठी रडगाणं गात बसलो असतो. गंगेकाठी माणकं कुठून आली देव जाणे, त्याला नुसतं लांबचं ठिकाण हवं होतं. पण हंबर मी रोज बघते. अगदी चहासारखं पाणी, भरती ओसरली की लांबवर नुसता राखाडी चिखल आणि त्यात टोच्या मारणारे पक्षी. म्हणजे तिला गंगा आणि माणकं, स्वतःला घरचा चिखल! हा विनोद इथं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि याच हंबरमधे १६४१ साली त्याचे वडील बुडून गेले. ते कळल्यावर ती ओळ मला नुसती विनोदी वाटेनाशी झाली.

पुढं डोळ्यांची स्तुती करायला शंभर वर्षं, बाकीच्याला तीस हजार वर्षं असा हिशेब, आणि मग एकदम 'पण पाठीमागं काळाचा पंखवाला रथ ऐकू येतोय'. तिथून कविता काळीकुट्ट होते, थडगं, किडे. थडगं ही छान एकांताची जागा आहे पण तिथं कुणी मिठी मारत नाही म्हणे. सगळी रचना वकिली आहे, जर असं असतं, पण तसं नाही, तस्मात्.

अर्धा_कप_चहा

+१. आणि 'तस्मात्'च्या भागात काय उपमा आहे बघा, शिकारी पक्ष्यांसारखे आपण काळालाच खाऊन टाकू. इथं खुडणं संपलं, इथं खरी झडप आली! शेवंतीताई तुमचं 'सीझ' इथून आत शिरलं असं मी म्हणेन. होरेसला घाई नाहीये, मार्व्हेलला प्रचंड घाई आहे.

शेवंती_सदाशिव

हे पटलं. माझं 'पोरगीच खुडायची झाली' हे वाक्य मी थोडं मागं घेते मग, निदान रॉबर्ट हेरिक या इंग्रज कवीपुरतं. कारण त्याच्या 'गुलाबकळ्या वेचा'मधे वेचणाऱ्या मुलीच आहेत. त्यांना तो म्हणतो लाजत बसू नका, लग्नं करा. स्वतः जन्मभर बिनलग्नाचा, डेव्हनमधल्या डीन प्रायर या आडगावी पाद्री! त्याच्या पुस्तकात हजाराच्या वर कविता, बऱ्याच काल्पनिक ज्यूलिया-अँथियांवर.

पण साल बघा, १६४८. इंग्लंडमधे यादवी चाललेली. नाटकगृहं १६४२ पासून बंद, मे महिन्याच्या सणाचे खांब उभारायला बंदी, १६४७ मधे नाताळसुद्धा बंद, आणि त्याच वर्षी हेरिकला चर्चमधून काढलेलं. पुस्तक आल्यावर काही महिन्यांत राजाचं डोकं उडवलं. अशा वेळी हा फुलं, सण, पहाटे उठून रानात हिरव्या फांद्या आणायला जाणं यावर लिहितोय. आणि त्या गुलाबकळ्यांच्या गाण्याला चाल लावली होती विल्यम लॉजनं, तो १६४५ मधे चेस्टरजवळच्या लढाईत राजाकडून लढताना मारला गेला. कविता पुस्तकात छापून यायच्या आधीच तिची चाल करणारा गेलेला. आता 'आज हसतंय ते फूल उद्या मरत असेल' हे वाचताना मला गोडगोड ग्रीटिंग कार्ड आठवत नाही.

खवट_काका

बरं मग एक गंभीर प्रतिसाद देतो. आमच्या लहानपणी वडील दासबोध वाचून दाखवायचे, मृत्यनिरूपणाचा समास. 'सरतां संचिताचें शेष, नाहीं क्षणाचा अवकाश.' मग पुढं 'मृत्य न म्हणे' हा राजा, 'मृत्य न म्हणे' हा शूर, अशी रांगच. तुमचा होरेसही एका कवितेत म्हणतो ना की फिकट मृत्यू गरिबाच्या झोपडीवर आणि राजाच्या वाड्यावर सारखीच लाथ मारतो. म्हणजे समर्थ आणि होरेस एकाच ओसरीवर बसलेत, फक्त उठून दोघं वेगळ्या दारानं जातात. एक म्हणतो म्हणून भजनाला लागा, दुसरा म्हणतो म्हणून वाईन गाळा. भर्तृहरी तर दोन्ही दारांतून ये-जा करतो. शृंगारशतकही त्याचंच आणि 'भोगा न भुक्ता वयमेव भुक्ताः' पण त्याचंच.

मी कुठल्या दारानं गेलो विचारू नका. बँकेत छत्तीस वर्षं काढली.

गालगागा

काका, आजचा उत्कृष्ट प्रतिसाद.

मराठीत या परंपरेला आणणारा माणूस म्हणजे माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, त्यामुळे उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीवरून केल्या, १९२९. आणि मग फिट्झजेराल्ड या इंग्रजानं केलेल्या खय्यामच्या इंग्रजी अवताराचं भाषांतर वेगळं केलं, 'द्राक्षकन्या', १९३१. म्हणजे त्यांना चांगलं माहीत होतं की खय्याम आणि फिट्झजेराल्ड हे दोन वेगळे कवी आहेत. फिट्झजेराल्डचं पुस्तक १८५९ मधे आलं तेव्हा कुणी विचारलं नाही, दुकानाबाहेरच्या पेनीच्या खोक्यात पडलं, तिथून कवी-चित्रकार रोझेटी वगैरे मंडळींच्या हाती लागलं आणि मग घराघरात गेलं.

शेवंती_सदाशिव

शेवटी इंग्रज कवी हाउसमनचं सांगायचंय. वीस वर्षांचा मुलगा चेरीचा बहर बघतो आणि हिशेब करतो, सत्तरातले वीस गेले, उरले पन्नास, बहर बघायला पन्नास वसंत म्हणजे फारच कमी, चला बघून घेऊ. एवढंच. १८९६चं पुस्तक. पोरगी नाही, वाईन नाही, फूल खुडणंसुद्धा नाही, नुसतं जाऊन बघणं. मला या सगळ्यांत तोच होरेसच्या सर्वांत जवळ वाटतो, आणि तो पेशानं लॅटिनचाच प्राध्यापक.

केंब्रिजमधे शिकवताना अत्यंत कोरडा माणूस, पाठभेद आणि व्याकरण याशिवाय एक शब्द नाही. १९१४च्या मे महिन्यात एके सकाळी वर्गात होरेसची चौथ्या पुस्तकातली सातवी ओड चालली होती, बर्फ वितळलं, गवत परत आलं, चंद्राची झीज भरून निघते पण आपण मात्र धूळ आणि सावली. नेहमीची चिरफाड करून झाल्यावर त्यानं मान वर केली, म्हणाला आता जरा ही नुसती कविता म्हणून बघू. आधी लॅटिन वाचली, मग स्वतःचं भाषांतर, आणि घाईघाईत म्हणाला की प्राचीन साहित्यातली मी ही सर्वांत सुंदर कविता मानतो, आणि झटकन वर्गातून निघून गेला. तिथं असलेल्या एका विद्यार्थिनीनं नंतर लिहून ठेवलंय. ऑगस्टमधे युद्ध सुरू झालं.

हंबरकाठी

इथल्या प्रत्येक चर्चमधे भिंतीवर त्या युद्धातल्या मुलांच्या नावांची पाटी असते. आता वाचताना ही गोष्ट आठवणार.

अर्धा_कप_चहा

अवांतर: होरेस बाबिलोनी आकड्यांना नावं ठेवतो खरा, पण हा सल्ला लिहून ठेवलेला फार जुना नमुना बाबिलोनकडचाच आहे! अमरत्व शोधत निघालेल्या गिलगामेश राजाच्या महाकाव्याच्या जुन्या बाबिलोनी पाठात, इ.स.पू. अठराव्या शतकाच्या आसपास, समुद्रकाठी दारूचं दुकान चालवणारी सिदुरी त्याला सांगते, तुला अमरत्व मिळायचं नाही, पोट भर, धुतलेले कपडे घाल, आंघोळ कर, नाच, तुझा हात धरून चालणाऱ्या पोराकडे बघ, बायकोला सुखात ठेव. सांगणारी बाई, ऐकणारा पुरुष. आणि दारू पण तिची स्वतःची, कुणी गाळायला सांगत नाहीये. मग पुढच्या प्रमाण पाठातून तिचं हे सगळं बोलणंच गायब झालं. घ्या.

द्राक्षबाग_निफाड

ह्या बाईंचं सगळ्यात व्यवहारी आहे. धुतलेले कपडे हे कुठल्या कवीला सुचलं नाही.

खवट_काका

शेवंतीबाई, भाच्याचं काय ते सांगा. टॅटू पुसणार का आता?

शेवंती_सदाशिव

पुसत नाहीये. उलट हा धागा वाचून म्हणतो शेजारी द्राक्षाचा घड काढून घेतो. आईनं फक्त एवढंच सांगितलंय की घड तरी बघून काढायला सांग, दंडावरचा तो मोर मला अजून कोंबडाच वाटतो.